अफर्मेटिव्ह समुपदेशन: नऊ महिन्यांच्या वापरानंतर, आणि आठवण करून देणाऱ्या त्या संदेशाविषयी

ज्या सत्राला मी उपस्थितच नव्हतो त्याचे पूर्ण शुल्क गेल्या महिन्यात माझ्याकडून वसूल करण्यात आले, आणि हा अनुभव लिहायला बसण्याचे तात्कालिक कारण तेवढेच आहे. चोवीस तास आधी न कळवता गैरहजर राहिल्यास पैसे परत मिळत नाहीत, हा नियम मला मान्य आहे. समोरच्याने माझ्यासाठी राखून ठेवलेल्या वेळेचे मोल द्यायलाच हवे. माझी तक्रार वेगळी आहे. सत्राची आठवण करून देणारे संदेश मी स्वतःच बंद करून ठेवले होते, कारण ते दर आठवड्याला 'श्रीमती' या संबोधनासह माझ्या जुन्या नावाने येत. पारलिंगी व्यक्तींना (जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाहून वेगळी ओळख असणाऱ्यांना) अफर्मेटिव्ह, म्हणजे ती ओळख मान्य करून दिलेली, मानसिक आरोग्यसेवा देतो, असे ठळक अक्षरांत सांगणाऱ्या केंद्राकडून हे संदेश येत होते, हे मुद्दाम नमूद करतो.

यामागची व्यवस्था मला आता तोंडपाठ झाली आहे. नोंदणीच्या वेळी दोन रकाने भरावे लागतात: 'अधिकृत नाव' आणि 'आम्ही तुम्हाला काय म्हणावे?'. दुसऱ्या रकान्यातील नाव समुपदेशकाला दिसते. पावत्या आणि आठवणीचे संदेश मात्र पहिल्या रकान्यातून निघतात. पावतीवर अधिकृत नाव असावे, हे मी समजू शकतो. 'उद्या सायंकाळी सहा वाजता भेट आहे' एवढे सांगण्यासाठी अधिकृत नावाची गरज काय, हा प्रश्न मी ग्राहक विभागाला अकरा पत्रांतून विचारला. प्रत्येक वेळी उत्तर आले की नाव बदलण्यासाठी ओळखपत्र जोडावे. मला नाव बदलायचेच नव्हते, संदेश कोणत्या रकान्यातून निघतो तेवढे बदलून हवे होते. कार्यालयात फोन टेबलावर ठेवलेला असताना पडदा उजळला आणि शेजारच्या सहकाऱ्याने सहज वाचून 'हे कोणाचे नाव?' असे विचारले, त्या दिवशी मी ते संदेश बंद केले. दोन महिन्यांनी वेळ बदललेली असताना मी जुन्याच वेळेच्या भरवशावर राहिलो आणि सत्र हुकले.

एका संदेशावरून एवढा गहजब कशाला, असे काही वाचकांना वाटेल. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १२९ पारलिंगी व लिंगभावविविध तरुणांना, त्यांनी निवडलेले नाव घरी, शाळेत, कामावर आणि मित्रांमध्ये वापरले जाते का, असे विचारले होते. जितक्या अधिक ठिकाणी ते वापरले जात होते, तितकी नैराश्याची लक्षणे आणि आत्महत्येचे विचार कमी आढळले. असा संबंध आढळला म्हणजे तेच एकमेव कारण असे सिद्ध होत नाही, हे मलाही कळते. पण जे केंद्र माझे नैराश्य कमी करण्याचे पैसे घेते, त्याने निदान निवडलेले नाव न वापरणाऱ्या ठिकाणांत स्वतःची भर घालू नये, ही अपेक्षा अवाजवी नसावी.

आता सेवेविषयी. पहिले समुपदेशक मला सहा सत्रांपुरते लाभले, आणि पहिल्या सत्रानंतर मी त्यांना पाचपैकी पाच तारे दिले असते. आपल्या भाषेत लिंग क्रियापदातच बसलेले असते. 'मी आलो' म्हटले की ओळख करून देण्याचे काम त्या एका स्वरावर होऊन जाते, आणि समोरचा 'कसे आहात' म्हणतो की 'कशा आहात', यावरून त्याने मला कुठे बसवले ते समजते. या गृहस्थांनी पहिल्याच मिनिटाला विचारले की मी स्वतःविषयी बोलताना कोणती रूपे वापरतो. इतके साधे आणि इतके नेमके मला तोवर कोणी विचारले नव्हते.

अडचण पुढे सुरू झाली. मी त्यांच्याकडे गेलो होतो तो झोप येत नव्हती म्हणून. आईला जाऊन पाच महिने झाले होते आणि पहाटे तीनला जाग येऊन मी छताकडे पाहत पडून राहत असे. त्यांनी झोपेचा संबंध माझ्या लिंगभावाशी लावला, भुकेचा लावला, आणि कामातल्या चिडचिडीचाही लावला. पारलिंगी माणूस हात मोडून डॉक्टरकडे गेला तरी चौकशी हार्मोन्सचीच होते, असे आमच्यात उपहासाने म्हणतात. मनाच्या बाबतीतही तेच घडते, याचा प्रत्यय मला पैसे मोजून आला. शिवाय छातीला पट्टा बांधणे म्हणजे काय, टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनने आवाज किती दिवसांत बदलतो, हे त्यांना मीच समजावत होतो. काटकसरी स्वभावामुळे मी वहीत हिशेब ठेवला: सहा सत्रांच्या तीनशे मिनिटांपैकी एकशे बारा मिनिटे मी शिकवणी घेतली. एकदा त्यांच्याकडून स्त्रीलिंगी रूप निघून गेले, तर त्याबद्दलची क्षमायाचना सात मिनिटे चालली आणि शेवटी मीच त्यांची समजूत घातली. तीही मिनिटे वहीत आहेत.

तोपर्यंत माझी समजूत अशी होती की अफर्मेटिव्ह म्हणजे माझ्या ओळखीला मान देणारा, आणि विषय संपला. ती मला बदलावी लागली. ओळखीला मान देणे हा या सेवेचा पाया आहे. तेवढ्यावर घर उभे राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणाने, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, लिंगभाव विसंगती (जन्मावेळी नोंदलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारी ओळख यांतली तफावत) मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याशी संबंधित स्थितींमध्ये ठेवली. (माझ्या केंद्राच्या माहितीपत्रकात मात्र अजूनही 'लिंगओळख विकार' असा रकाना छापलेला आहे, अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने हे नाव २०१३ साली सोडून दिले.) पारलिंगी असणे हा आजार नाही, हे एकदा मान्य केले की दोन गोष्टी ओघाने येतात. ओळख बदलायला लावणारे 'उपचार' बाद होतात, आणि मग उरलेल्या माणसाकडे, त्याच्या शोकाकडे, झोपेकडे, इतर कोणाकडेही पाहावे तसे पाहावे लागते. त्याचबरोबर कुचंबणा, नकार, सतत सावध राहण्याचा शीण यांचा मनावर होणारा परिणाम वेगळा मोजावा लागतो; अभ्यासक त्याला अल्पसंख्याकत्वाचा ताण म्हणतात. पहिल्या समुपदेशकांनी हा ताण बाहेरून येतो हे ओळखण्याऐवजी तो माझ्या आत शोधला, असे मला आता वाटते.

दुसऱ्या समुपदेशक बाईंविषयी माझे पहिले मत वाईट होते, हे प्रामाणिकपणे लिहितो. तीन सत्रे झाली तरी त्यांनी लिंगभावाचा विषय काढला नाही, तेव्हा हे टाळणे आहे असे समजून मी केंद्राला तक्रारीचा मसुदाही लिहून ठेवला होता. चौथ्या सत्रात त्यांनी विचारले की आई शेवटी मला कोणत्या नावाने हाक मारत होती. जुन्याच नावाने, असे मी सांगितले. ते नाव आता आठवले की काय होते, असा त्यांचा पुढचा प्रश्न होता. तिच्या आवाजात ते नाव मला खुपत नाही, हे मी तेव्हा प्रथमच मोठ्याने म्हटले, आणि नंतर बराच वेळ कोणीच काही बोलले नाही. त्यांनी त्यातून काही निष्कर्ष काढला नाही. 'म्हणजे ते नाव तुम्हाला मान्य आहे तर', असे म्हणण्याचा मोह भल्याभल्यांना झाला असता. तक्रारीचा मसुदा मी त्या रात्री काढून टाकला.

चूक त्यांच्याकडूनही झाली. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, 'आज थकलेल्या दिसता', लगेच 'थकलेले' अशी दुरुस्ती केली आणि झोपेचे विचारू लागल्या. सगळे मिळून दोन सेकंद गेले. झोपेसाठी त्यांनी उठण्याची वेळ पक्की ठरवून दिली, झोप येत नसेल तर अंथरुणात पडून न राहता उठून बसायला सांगितले, आणि दर चार आठवड्यांनी नैराश्याची ती नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. तीत गुण जितके जास्त तितकी लक्षणे तीव्र; सत्तावीसपैकी सतरा गुणांवर मी सुरुवात केली होती. गेल्या वेळी आठ आले. यातले किती श्रेय त्यांचे, किती काळाचे आणि किती सहाव्या महिन्यात सुरू झालेल्या टेस्टोस्टेरॉनचे, हे मला वेगळे करता येत नाही.

छातीच्या शस्त्रक्रियेसाठी समुपदेशकाचे शिफारसपत्र लागले, तेव्हाचा अनुभवही नोंदवण्यासारखा आहे. पारलिंगी आरोग्यसेवेच्या जागतिक व्यावसायिक संघटनेची, म्हणजे डब्ल्यूपॅथची, आठवी मार्गदर्शक तत्त्वे २०२२ साली आली. प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत जिथे पत्राची गरज असेल तिथे एकाच तज्ज्ञाचे पत्र पुरावे, असे ती सांगतात. केंद्राच्या नमुन्यात दोन सह्यांसाठी जागा होत्या आणि 'किती सत्रे पूर्ण' असाही रकाना होता. बाईंनी तो नमुना बाजूला ठेवून स्वतः पत्र लिहिले आणि पाठवण्यापूर्वी मला वाचून दाखवले. मला स्वतःविषयी विशीनंतर उमगले; 'अगदी लहानपणापासून' हे ठरीव वाक्य मी पहिल्या समुपदेशकांना भीतीपोटी सांगितले होते, कारण त्याशिवाय पत्र मिळत नाही असे ऐकून होतो. या पत्रात ते वाक्य नाही. भूल, जखम भरण्याचा काळ, त्या काळात घरी मदतीला कोण असेल, हे सगळे त्यांनी माझ्याकडून वदवून घेतले आणि मला काय समजले आहे ते माझ्याच शब्दांत लिहिले. मनात शंका असतील तर त्या बोलल्याने पत्र थांबणार नाही, असे त्यांनी आधीच स्पष्ट केले होते, म्हणून माझ्या दोन शंका मी सांगू शकलो.

म्हणजे मत बदलून बदलून मी इथे पोहोचलो आहे: बाईंना पाच तारे, केंद्राला दोन. नवीन कोणी विचारले तर मी सांगेन की पहिल्या भेटीत समुपदेशकाला सर्वनामांविषयी विचारू नका, ते आता सगळ्यांना येते. माझी तक्रार लिंगभावाशी संबंधित नसेल तर तुम्ही काय कराल, असे विचारा. आणि नोंदणी करण्यापूर्वी एक चाचणी संदेश मागवून घ्या.

हुकलेल्या सत्राची हकिगत सांगितल्यावर बाईंनी केंद्राच्या यंत्रणेला दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला, तो फसला. तेव्हापासून दर बुधवारी त्यांचा स्वतःचा संदेश येतो: 'उद्या सहा वाजता.' नाव नाही, संबोधन नाही. त्यानंतर एकही सत्र हुकलेले नाही.

केंद्राने अखेर सदिच्छा म्हणून अर्धे शुल्क परत केले. त्याची पोच 'श्रीमती' या संबोधनासह आली आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी बारावे पत्र मी काल पाठवले.