सोळा पानं डबल, सोळा गायब: सात महिन्यांनंतर

इंग्रजी शब्दजोड्यांचं पुस्तक म्हणजे काय हे सांगत बसत नाही. कुठला शब्द कुणाबरोबर नांदतो, ते त्यात असतं. मी ३६० रुपये मोजून घेतलं आणि घरी येऊन पाहिलं, तर सातवा फॉर्मा (एकत्र छापून दुमडलेली सोळा पानं) दोनदा शिवलेला, आठवा नाहीच. म्हणजे पान ९७ ते ११२, 'मूर्खपणा आणि फसवणूक', डबल. ११३ ते १२८, 'विश्वास आणि वचन', गायब.

दुकानदार म्हणाला, "ताई, जास्तीच्या सोळा पानांचे वेगळे पैसे घेतले का?" आवाज चढवल्यावर म्हणाला, "पावती ठेवून जा, उद्या बदलून देतो." ठेवून आले. नंतर त्याला पावतीही आठवेना आणि मीही.

चिडून महिनाभर तीच पानं वाचली. मग मात्र मत बदलावं लागलं. मी विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर आहे. इतकी वर्षं मेलमध्ये 'डन फ्रॉड' लिहीत होते. हवं होतं 'कमिटेड फ्रॉड'. खोटं 'से' करत नाहीत, 'टेल' करतात. ट्रिक 'प्ले' करायची, पण 'फास्ट वन' मात्र 'पुल' करायचा. का, ते विचारायचं नाही. आपण तरी थाप मारतो, गंडा घालतो, चुना लावतो. थाप लावून बघा बरं! 'धादांत' हा शब्द 'खोटं' सोडून कुणाच्या घरी पाणी पीत नाही, तसंच त्यांचं 'बेअरफेस्ड लाय'. आपण डोळ्यांत धूळ फेकतो, ते डोळ्यांवर लोकर ओढतात. थंड देश, दुसरं काय.

'कॉन मॅन'खालची टीप सगळ्यात भारी. १८४९ साली न्यू यॉर्कमध्ये विल्यम थॉम्पसन नावाचा भामटा अनोळखी लोकांशी गोडगोड बोलून विचारायचा, उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्याकडे ठेवाल एवढा 'कॉन्फिडन्स' आहे का? लोक काढून द्यायचे. पेपरवाल्यांनी त्याला 'कॉन्फिडन्स मॅन' म्हटलं, त्याचंच पुढे 'कॉन मॅन' झालं. हे वाचताना मला माझी पावती आठवली. निदान घड्याळ तरी नव्हतं.

मजकुराला पाचपैकी साडेचार द्यायला हरकत नाही. पण बांधणीला एक, तोही कागद जाड आहे म्हणून. परवा 'प्रॉमिस'बरोबर 'ब्रेक' की आणखी काही, ते बघायला गेले आणि सवयीनं पुन्हा मूर्खपणाच्या 'फूल'वर पोचले. प्रत्येक वेळी होतं! शेवटी मैत्रिणीच्या प्रतीवरून आठव्या फॉर्म्याची झेरॉक्स काढली, सोळा पानं, बत्तीस रुपये. म्हणजे पुस्तक पडलं ३९२ ला. जास्तीचा सातवा ब्लेडनं कापून भाचीला दिला.

घेणार असाल तर दुकानातच पान ११२ उलटून पाहा, आणि पावती पर्समध्ये ठेवा.