हवानातले व्हॅम्पायर की ट्रान्सिल्व्हानियाचं हॉटेल?

शनिवारी रात्री या दोन ॲनिमेशनपटांतला कुठला लावायचा, असा घोळ असेल तर ऐका.

विडंबनात १९८५चा, हुआन पाद्रोनचा क्युबन ‘व्हॅम्पिरोस एन ला हबाना’ फारच पुढे. उन्हातही व्हॅम्पायर टिकतील असं औषध निघतं. शिकागोच्या व्हॅम्पायर टोळीला ते दडपायचंय, युरोपातले व्हॅम्पायर ते विकायला बघताहेत आणि ट्रम्पेटवाला पेपितो मधल्यामध्ये सापडतो. भुतं आणि गँगस्टर, दोघांचीही यथेच्छ टर!

‘हॉटेल ट्रान्सिल्व्हानिया’ (२०१२) म्हणजे मुलीच्या काळजीने हैराण झालेला ड्रॅक्युला. चित्रं मात्र कितीतरी गुळगुळीत. हवानाची रेषा ओबडधोबड, पण आर्तुरो सांदोवालचा ट्रम्पेट ऐकाच.

पोरं सोबत असतील तर हॉटेल. हवानात गोळीबार आणि चावट विनोद आहेत. पोरं झोपल्यावर, सबटायटल्स वाचायची तयारी असेल तर हवाना.