संकरित मका, दोन हंगामांनंतर : निपाणी भागातील अनुभव

वेदगंगेच्या काठच्या काळ्या रानात गेल्या जूनमध्ये एकेरी संकराचा, म्हणजे दोनच वंशांच्या मेळातून केलेला, मका टोकला, दसऱ्याच्या सुमारास तो काढला आणि त्याच कणसांतले थोडे दाणे राखून दिवाळीनंतर विहिरीच्या पाण्यावर बांधालगतच्या काही ओळींत पुन्हा लावून पाहिले. दुकानातून आणलेले बियाणे आणि त्याचीच दुसरी पिढी असे दोन्ही एकाच जमिनीत पाहायला मिळाल्यामुळे, पिशवीच्या किमतीत आपण नेमके काय विकत घेतो याबद्दल काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते.

पहिल्या हंगामातील सर्वांत ठळक गोष्ट म्हणजे पिकाचा एकसारखेपणा. साठ बाय वीस सेंटिमीटर अंतरावर, म्हणजे एकरी सुमारे 33 हजार रोपे धरून, टोकण केली होती. तुरे दोन-तीन दिवसांच्या आत सगळ्या रानभर बाहेर पडले, कणसांचे केसही लगोलग निघाले आणि कणसे जवळपास एकाच उंचीवर लागली, त्यामुळे मोडणीला आलेल्या बायकांना ओळ सोडून मागे फिरावे लागले नाही. कणीस सोलल्यावर दाण्यांच्या ओळी शेंड्यापर्यंत भरलेल्या दिसल्या.

हा एकसारखेपणा आणि ही वाढ कुठून येते, हे समजण्यासाठी बियाणे तयार होण्याची पद्धत पाहावी लागते. मक्याच्या झाडाला पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्याच परागाने फळवले तर त्याचे वंश शुद्ध होत जातात, पण झाडे खुजी आणि अशक्त होतात. असे दोन वेगळे शुद्ध वंश एकत्र आणले की पहिल्या पिढीत जोम उसळून येतो. अमेरिकेत जॉर्ज शल यांनी 1908 मध्ये ही रीत मांडली आणि 1914 मध्ये या संकरजोमाला ‘हेटेरोसिस’ हे नाव दिले. अडचण अशी की त्या काळचा मादी वंश इतका अशक्त असे, की त्याच्यावर येणारे बियाणे थोडे आणि महाग पडे. डोनाल्ड जोन्स यांनी चार वंशांचा दुहेरी संकर सुचवला तो मुख्यतः बियाणे स्वस्त व्हावे म्हणून. भारतातले 1961 मध्ये प्रसारित झालेले गंगा, रणजित, डेक्कन हे पहिले संकर दुहेरीच होते. पुढे शुद्ध वंशच सुधारत गेले आणि एकेरी संकर परवडू लागला.

माझ्या मते खरी मेख या शेवटच्या वाक्यात आहे. सगळे श्रेय संकरजोमाला दिले जाते, पण जुन्या आणि नव्या संकरांची शेजारी शेजारी पेरणी करून मक्याचे अमेरिकी पैदासकार डोनाल्ड डुविक यांनी दाखवले, की विरळ लागवडीत दर झाडाचे उत्पन्न दशकानुदशके फारसे वाढलेले नाही. नव्या संकरांची सरशी होते ती दाटीत. याचा पडताळा आमच्याच रानात आला. जिथे मुंग्यांनी बी नेल्यामुळे खाडे पडले होते, तिथल्या झाडाचे कणीस चांगलेच पोसले. पण वैरणीसाठी लावलेल्या आफ्रिकन टॉल या सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाच्या बांधावरच्या सुट्या झाडालाही तसे कणीस लागलेले होते. फरक पडला तो मध्यभागी, जिथे आफ्रिकन टॉलची दाट झाडे नुसतीच उंच जाऊन पुष्कळशी वांझ राहिली, तर संकरित मक्याच्या जवळजवळ प्रत्येक ताटाला कणीस होते. म्हणून जो शेतकरी हे बियाणे घेऊन अंतर मात्र ऐसपैस ठेवतो, तो अर्धे पैसे वाया घालवतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या पिढीच्या ओळींनी उरलेली गोष्ट सांगितली. पहिल्या पिढीच्या झाडात दोन्ही वंशांचे जे भिन्न गुणघटक जोडीने नांदतात, त्या भिन्न जोड्या पुढच्याच पिढीत सरासरीने निम्म्या उरतात. शेतात हे गणित असे दिसले : एक ताट डोक्याइतके, शेजारचे कमरेइतके; काहींचे तुरे झडून गेले तरी काहींचे केस निघायचे होते; अशा उशिरा आलेल्या कणसांत दाणे दातपडक्यासारखे सुटे सुटे भरले. दाण्याच्या दृष्टीने त्या ओळी लावण्यात अर्थ नव्हता. म्हशींनी मात्र तक्रार केली नाही.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. या वाणाच्या कणसाचे आवरण शेंड्याला अपुरे पडते. परतीच्या पावसात तिथून पाणी शिरून टोकाचे दाणे काळे पडले आणि पोपटांनाही ते आयतेच सापडले. अमेरिकन लष्करी अळी 2018 मध्ये कर्नाटकात आली तेव्हापासून ती आमच्याकडे दरवर्षीची पाहुणी आहे. जोमदार वाढ म्हणजे कीडप्रतिकार नव्हे, ते दोन गुण निराळे आहेत. पोंग्यात भुसा पडलेला दिसताच फवारणी करावीच लागली. पिशवीवरच्या सूचना कन्नड आणि इंग्रजीत होत्या, त्यामुळे बीजप्रक्रिया (बियाण्याला औषध चोळणे) आधीच केलेली आहे ही महत्त्वाची ओळ घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावी लागली.

इथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो, कारण दुकानांत ‘हायब्रीड सोयाबीन’ मागणारे अजून भेटतात. सोयाबीन स्वपरागित आहे, म्हणजे आपल्याच परागाने फळते. आपल्या दुकानांत मिळणारे त्याचे सगळे वाण सरळ आहेत. धारवाड कृषी विद्यापीठाचा डीएसबी 21 घ्या किंवा कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राचा फुले संगम, तांबेरा रोगाला तोंड देण्याचा त्यांचा गुण निवडीतून पक्का केलेला असल्यामुळे घरी राखलेल्या बियाण्यातही टिकतो. उगवणशक्ती तपासून घेतली की दोन-तीन वर्षे नवी पिशवी लागत नाही.

येत्या खरिपासाठी मक्याचे बियाणे पुन्हा विकतच घेणार आहे, मात्र शेंड्यापर्यंत आवरण झाकणारा दुसरा संकर पाहून. आफ्रिकन टॉलचे बी घरचेच धरायचे आहे, म्हणून ते नदीपलीकडच्या तुकड्यात, या मक्याचा पराग पोहोचणार नाही इतक्या लांब लावणार आहे.