घटस्फोटाच्या अर्जाआधी घर सोडावे की तिथेच राहावे?

हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू असलेल्या दांपत्यामध्ये घटस्फोटाचे ठरले, की घरातून निघावे की तिथेच राहून दावा चालवावा, हा प्रश्न अर्जाच्याही आधी उभा राहतो. मारहाण होत असेल, तर तुलना करत बसू नये. आधी सुरक्षित जागी जावे, स्त्रीने १८१ या महिला हेल्पलाइनची मदत घ्यावी आणि कागदपत्रांची चिंता नंतर करावी. पुढचे विवेचन जिवाला धोका नसलेल्यांसाठी आहे.

निघणाऱ्याला सर्वांत मोठी भीती परित्यागाच्या आरोपाची वाटते, आणि माझ्या मते ती प्रमाणाबाहेर आहे. त्या आधारावर घटस्फोट मागणाऱ्याला, जोडीदार अर्जाच्या लगत आधी सलग दोन वर्षे वेगळा राहिला, त्याला सबळ कारण नव्हते आणि संसार कायमचा मोडण्याचाच त्याचा इरादा होता, हे सारे सिद्ध करावे लागते. शिवाय स्वतःच्या वागणुकीने दुसऱ्याला घराबाहेर पडायला भाग पाडणारा स्वतःच परित्याग करणारा ठरू शकतो. महिन्यापूर्वी घर सोडले, एवढ्यावरून दावा हातचा जात नाही.

पोटगीबाबत मात्र पत्नीने सावध राहावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार पुरेशा कारणाविना पतीसोबत राहण्यास नकार देणाऱ्या पत्नीला पोटगी नाकारली जाऊ शकते, आणि ‘नांदायला ये’ अशी नोटीस अनेकदा याच तयारीने पाठवलेली असते. तिला उत्तर न देणे ही मोठी चूक ठरते; निघण्याची कारणे तारखांसह लेखी कळवावीत. परस्पर संमतीने वेगळे राहणाऱ्या पत्नीलाही त्याच कलमातील अपवाद लागू होतो, म्हणून तशा कागदावर सही करण्यापूर्वी पोटगीची तरतूद त्यातच लिहून घ्यावी.

राहण्याच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा घराच्या ताब्याचा आहे. घर सोडल्याने मालकी जात नाही, स्त्रीधनावरचा हक्कही जात नाही. २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याने पत्नीला, घर तिच्या नावावर नसले तरी, सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, आणि घर सासू-सासऱ्यांचे आहे एवढ्याच कारणाने तो नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. पण हक्क असणे आणि कुलूप बदललेल्या दारातून पुन्हा आत जाणे यांत कोर्टाच्या कित्येक तारखा जातात.

परस्पर संमतीच्या अर्जासाठी किमान वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते, म्हणून काही जण घाईने भाड्याचे घर घेतात. वास्तविक पतीपत्नी म्हणून नाते थांबले असेल, तर एकाच छपराखाली राहूनही ती अट पूर्ण होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये म्हटले आहे. दोघे शांतपणे वेगळ्या खोल्यांत राहू शकत असतील, तर राहणे स्वस्त पडते. रोज भांडण होत असेल, तर त्याच भांडणांतून नवे आरोप आणि तक्रारी जन्माला येतात.

मुले असतील, तर माझा कौल घाईने निघण्याच्या ठाम विरुद्ध आहे. ताबा ठरवताना न्यायालय मुलाचे हित पाहते, आणि मुलाची शाळा, दिनक्रम व सांभाळ ज्या पालकाकडे महिनोन्‌महिने सुरळीत चालला आहे, ती घडी मोडायला ते सहसा कचरते. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहावे, असे कायदाच सांगतो. त्याहून मोठ्या मुलाला मागे ठेवून निघणारी आई किंवा बाप पुढे ताबा मागताना कमकुवत जागी उभा राहतो. दुसऱ्या पालकाला न सांगता मुलाला घेऊन जाणेही तितकेच अंगाशी येते. त्यामुळे निघायचेच असेल, तर भेटीचे दिवस आणि शाळेची फी यांबाबत आधी लेखी ठरवावे आणि विवाह नोंदणीचा दाखला, बँकेची पासबुके, प्राप्तिकर विवरणपत्रे, कर्जाच्या हप्त्यांच्या पावत्या व दागिन्यांची छायाचित्रांसह यादी, यांच्या प्रती घरात असतानाच काढून घ्याव्यात.