तिकीट कुणाला द्यायचं हे ठरवण्याआधी फॉर्म २० वाचा

सेवा: निवडणूक आयोगाचं बूथनिहाय निकालपत्रक (फॉर्म २०) आणि उमेदवारांच्या शपथपत्रांचं पोर्टल
खर्च: काही नाही
माझे गुण: ५ पैकी ४

विधानसभेसाठी इच्छुकांच्या मुलाखती झाल्या की पक्षाचे निरीक्षक शेवटी एकच विचारतात, "यातला निवडून येणारा कोण?" आमच्या तालुका समितीत बूथचं काम माझ्याकडे आहे, म्हणून याद्या घेऊन मीही त्या बैठकीला असते. इलेक्टिव्ह मेरिट, म्हणजे निवडून येण्याची क्षमता, हा शब्द तिथे सगळ्यांच्या तोंडी असतो, पण ते मोजायची रीत ज्याची त्याची वेगळी. कुणी मुलाखतीला आलेल्या गाड्या मोजतं, कुणी कारखान्याचे सभासद, कुणी जातीची बेरीज करतं. मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो तो फॉर्म २०. तो राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो आणि आमच्याकडे तो फारसं कुणी उघडत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फॉर्म २० म्हणजे अंतिम निकालपत्रक. मतदान केंद्राचा क्रमांक, समोर प्रत्येक उमेदवाराला तिथे पडलेली मतं, मग नोटा, आणि टपाली मतं वेगळी. लोकसभेचा फॉर्मही विधानसभा मतदारसंघांनुसार मिळतो, आणि उमेदवार निवडताना खरा उपयोग इथेच होतो. २०२४ ला महाराष्ट्रात लोकसभेचं मतदान एप्रिल-मे महिन्यांत झालं आणि विधानसभेचं २० नोव्हेंबरला. त्याच गावांतल्या त्याच बूथवर पक्षाला लोकसभेला किती पडली आणि आपल्या विधानसभेच्या उमेदवाराला किती, हे शेजारी शेजारी मांडलं की पक्षाची मतं आणि माणसाची मतं बऱ्यापैकी वेगळी दिसायला लागतात. मधल्या महिन्यांत वारंही बदलतं, म्हणून एका बूथवरून मी काही ठरवत नाही. पण एखादा इच्छुक सलग दोन-तीन निवडणुकांत स्वतःच्या पट्ट्याबाहेर पक्षापेक्षा मागे राहत असेल, तर तो योगायोग नसतो.

इच्छुकाच्या घरच्या गावातलं लीड मी बाजूलाच ठेवते. ते प्रत्येकाला असतं आणि मुलाखतीत तेवढंच सांगितलं जातं. आमचे एक माजी आमदार दर वेळी आपल्या जिल्हा परिषद गटातलं लीड सांगायचे आणि ते खरंच होतं. पण नदीपलीकडच्या गावांत ते निवडणुकीगणिक खाली येत गेले होते, आणि मतदार त्या बाजूलाच जास्त. हे कागदावर दाखवल्यावर पहिल्यांदा खोलीत शांतपणे चर्चा झाली.

बंडखोर जोखायलाही हा कागद कामाला येतो. सांगली लोकसभा २०२४ बघा. महाविकास आघाडीत ती जागा उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेला सुटली आणि पैलवान चंद्रहार पाटील यांना उमेदवारी मिळाली. काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, भाजपच्या संजयकाका पाटील यांना सुमारे १ लाख मतांनी हरवून निवडून आले, आणि आघाडीचा अधिकृत उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर गेला. विशाल पाटील २०१९ ला स्वाभिमानी पक्षाकडून लढून दुसरे आले होते. म्हणजे त्यांची मतं कुठल्या भागात आहेत, हे जागावाटपाच्या आधीच कुणालाही पाहता आलं असतं. जागा सोडताना "पक्षाची ताकद" बोलली जाते, इच्छुकाच्या मागे प्रत्यक्ष उभे असलेले मतदार कुणी मोजत नाही.

पण एकट्या उमेदवारावर सगळं तरत नाही, हे पुण्यातल्या कसबा पेठेनं दाखवलं. फेब्रुवारी २०२३ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र धंगेकर यांनी भाजपच्या हेमंत रासने यांना सुमारे ११ हजारांनी हरवलं. दीड-पावणेदोन वर्षांनी तेच दोघं समोरासमोर आले आणि रासने १९ हजारांहून जास्त मतांनी जिंकले. "मागच्या वेळी जिंकला, त्यालाच द्या" म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देते.

खासगी सर्वेक्षणही आम्ही एकदा करून घेतलं होतं. अहवाल गुळगुळीत कागदावर, प्रत्येक इच्छुकापुढे टक्केवारी. कुठल्या गावांत किती लोकांना विचारलं याची यादी मागितली, ती शेवटपर्यंत मिळाली नाही. त्यात "तुम्हाला कोण माहीत आहे" याचं उत्तर होतं, "तुम्ही कुणाला मत द्याल" याचं नव्हतं. फ्लेक्सवर ज्याचा चेहरा जास्त, त्याला गुण जास्त. २०२४ ला साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी आले आणि मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला. एका बूथवरचे मतदार याहून जास्त असतात. अशा वेळी गावागणिक माहिती न देणारी टक्केवारी आमच्या काय कामाची?

आता शपथपत्रांचं पोर्टल. उमेदवारी अर्जासोबत फॉर्म २६, म्हणजे हे शपथपत्र, भरावं लागतं. त्यात गुन्हे, मालमत्ता, देणी, शिक्षण, शिवाय प्राप्तिकर विवरणातलं ५ वर्षांचं उत्पन्न असतं. पूर्वी लढलेल्या इच्छुकाचं जुनं शपथपत्र उघडून आजच्या दाव्यांशी ताडून बघता येतं. सर्वोच्च न्यायालयानं १३ फेब्रुवारी २०२० ला सांगितलं आहे की गुन्हे दाखल असलेला उमेदवार का निवडला याची कारणं पक्षानं जाहीर करावीत, आणि नुसती निवडून येण्याची क्षमता हे कारण चालणार नाही. उमेदवार ठरल्यापासून ४८ तासांत हे प्रसिद्ध करावं लागतं. तेव्हा निवड समितीनं हा विचार आधीच केलेला बरा.

एक गुण कापला तो उणिवांसाठी. शपथपत्र अर्ज भरल्यावरच येतं, म्हणजे तिकीट देऊन झाल्यावर. पहिल्यांदा लढणाऱ्याबद्दल पोर्टलवर काहीच नसतं. यावर आम्ही उपाय काढला: प्रत्येक इच्छुकानं मुलाखतीआधी फॉर्म २६ चा कच्चा मसुदा भरून द्यायचा. दोघांनी टाळाटाळ केली, त्यावरूनही बरंच समजलं. फॉर्म २० बऱ्याचदा स्कॅन केलेला असतो, आकडे हातानं उतरवावे लागतात. मतदान केंद्रांची विभागणी बदलली की क्रमांकही सरकतात, म्हणून क्रमांकावर विसंबू नका, शाळेचं आणि गावाचं नाव जुळवा. २००९ च्या आधीचे निकाल तर मतदारसंघांच्या पुनर्रचनेमुळे जुळतच नाहीत. जिल्हा परिषद आणि नगरपालिकेचे निकाल राज्य निवडणूक आयोगाकडे, ते यात नाहीत. आमच्याकडची सर्वांत आश्वासक इच्छुक जिल्हा परिषद सदस्य होती, आणि तिची मतं गणागणानं गोळा करायला तहसील कार्यालयात बरंच बसावं लागलं.

आणखी एक, आणि हे मी प्रत्येक बैठकीत बोलते. कुठल्या गावानं आपल्याला मत दिलं नाही, हेही या कागदावर दिसतं. त्या गावाचा रस्ता अडवायला हा कागद वापरणारे लोक मी पाहिले आहेत. अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर वापरावं असं विधी आयोगानं २०१५ ला सुचवलं होतं, ते झालेलं नाही. ते आलं तर माझं हे काम अवघड होईल, तरी ते यावं असं मला वाटतं.

तालुका आणि जिल्हा समितीत बसणाऱ्यांनी मुलाखतींच्या निदान महिनाभर आधी फॉर्म उतरवायला घ्यावा. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचे कागद, वाटायच्या रात्री हे काम होत नाही.