टेस्कोचा जुना गोल्ड फॉइल पिकअप: घ्यावा, पण मोजून

साठच्या दशकात टेस्को (Teisco) या जपानी कंपनीच्या इलेक्ट्रिक गिटारी स्वस्तातला माल म्हणून ढिगाने अमेरिकेला गेल्या. १९६७ साली कंपनी कावाईने घेतली. त्या गिटारींना तेव्हा कुणी फारसं विचारत नव्हतं. पुढे अमेरिकी गिटारवादक राय कूडरने आपल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारमध्ये नेकच्या (मानेच्या) बाजूला टेस्कोचा गोल्ड फॉइल पिकअप (तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग) बसवला आणि या सोनेरी पत्र्याच्या पिकअपांचा भाव वधारला. आज गिटारीपेक्षा तिच्या पोटातल्या पिकअपलाच जास्त मागणी आहे.

आवाजाबद्दल तक्रार नाही. नेककडे बसवला की मोकळा, किंचित खरखरीत आणि भरलेला सूर येतो. स्लाइड (बोटात नळी घालून ती तारांवर सरकवत) वाजवणाऱ्याने तर घ्यावाच. ब्रिजकडे (तारा खाली जिथे टेकतात तिथे) मात्र बारीक वाटतो, तिथे दुसरा काहीतरी लावा. कॉइल (आतलं तांब्याच्या तारेचं वेटोळं) रुंद आणि बुटकी असल्यामुळे गिटारच्या तारेचा बराच मोठा भाग तिच्या कक्षेत येतो. ज्या प्रकारांत रबरी फेराइट पट्टीचं चुंबक आहे, ते तारेला फारसं ओढत नाही, म्हणून पिकअप तारांच्या जवळ नेता येतो.

विकत घेताना विक्रेत्याकडून कॉइलचा रोध दाखवणाऱ्या मल्टिमीटरचा फोटो मागवा, २० किलोओमच्या रेंजवर. आकडाच आला नाही तर कॉइल तुटली आहे. जेमतेम काही ओम आले तर कुठेतरी शॉर्ट आहे. तुटण्याची नेहमीची जागा म्हणजे कॉइलची बारीक तार बाहेरच्या वायरीला जोडते तो सोल्डर. जुना फ्लक्स (सोल्डर करताना लावलेलं रसायन) आणि ओल मिळून तिथे तांबं हिरवं पडतं. टोक सापडलं तर वाचतो, आतून तुटली असेल तर पूर्ण वाइंडिंग, म्हणजे कॉइल नव्याने गुंडाळणं. आणि मे महिन्यातल्या नागपुरात आकडा जास्त दिसला म्हणून हुरळू नका: तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २५ अंशांना ६ किलोओम दाखवणारी कॉइल ४५ अंशांना ६.४७ दाखवेल.

वाइंडिंगसाठी नागपूरच्या इतवारी बाजारात तार मागताना गेज सांगू नका, मिलिमीटर सांगा. परदेशी लेखांतली ‘४२ गेज’ म्हणजे अमेरिकी मापाची ०.०६३ मिमी, आपल्याकडे ४२ एसडब्ल्यूजी (ब्रिटिश माप) मागितली तर ०.१ मिमीची जाड तार हातात पडते आणि बॉबिनमध्ये तेवढे फेरे मावत नाहीत. एसडब्ल्यूजीत जवळचं माप ४६ आहे. कूलर-पंपाच्या मोटारी वाइंड करणाऱ्याकडे ही तार बहुधा नसते.

बसवणं सरळ नाही. स्ट्रॅटच्या खाचेत हा मावत नाही, त्यामुळे पिकगार्ड (गिटारवरची प्लास्टिकची पाटी) नव्याने कापावा लागतो. दुसऱ्या पिकअपसोबत वाजवताना आवाज पोकळ आला तर फेज उलटा आहे, म्हणजे दोघांचे संकेत एकमेकांना खोडतात. वायरी अदलाबदल करण्याआधी वरचा पत्रा कॉइलच्या ग्राउंडपासून वेगळा करून स्वतंत्र ग्राउंडला जोडा. हे विसरलात तर पत्राच हॉट होतो, म्हणजे संकेताच्या वायरीला जोडला जातो, आणि हात लागला की घरघर वाढते.

पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या खुंटीखालचा रोधक) ५०० के, म्हणजे ५०० किलोओमचा, लावला तर आवाज उघडा राहतो, २५० के लावला तर टोक बोथट होतं. नागपूरच्या बर्डीतल्या दुकानात पॉट घेताना त्यावरचं अक्षर वाचा: व्हॉल्यूमला ‘ए’ (लॉग) हवा, पुष्कळदा ‘बी’ (लिनिअर) टेकवतात. टोनला २२३ लिहिलेला कपॅसिटर पुरतो.

आता घरघर. सिंगल कॉइल असल्याने कूलरची मोटार, ट्यूबलाइटचा चोक सगळं पकडतो. तांब्याच्या पट्टीने खोबण मढवली तरी मोटारीच्या चुंबकीय क्षेत्रावर तिचा काही उपयोग नाही; गिटार वळवा, लांब बसा किंवा कूलर बंद करून एक गाणं घामात वाजवा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या वेगावर सर्वांत जास्त त्रास देतो, फुल्ल केला की बराच गप्प होतो.

आवाज वाढवल्यावर शीळ घुमत असेल तर कॉइलमध्ये मेण भरावं लागतं, कारण पुष्कळ पिकअपांत ते मुळातच नसतं. चार भाग पॅराफिन, एक भाग मधमाशीचं मेण. पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून ६५ अंशांच्या आत गरम करा, आणि बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण दहा-पंधरा मिनिटं, कॉइल आत ठेवा. तापमान त्याहून वर गेलं तर जुनं प्लास्टिक वाकतं. सोनेरी पट्टी आधी जपून काढून ठेवा. मेण भरल्यावर सूर थोडा मवाळ होतो, म्हणून शीळ नसेल तर हात लावू नका. आणि मेण भरलेली गिटार उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवू नका, ते परत वितळून पॉटमध्ये उतरतं.