डिमेन्शियाच्या पेशंटसाठी बिनवायरची दार-घंटी: उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

डिमेन्शियात, म्हणजे स्मरण आणि समज हरवत जाण्याच्या आजारात, रात्री-अपरात्री कडी काढून बाहेर पडणाऱ्या माणसासाठी ही घंटी आहे. दाराला लावायचा सेन्सर आणि सॉकेटमध्ये खोचायची घंटी, असे दोन वेगळे भाग. दार उघडलं की घंटी वाजते. सांभाळणाऱ्या माणसाला रात्री डोळा लावता येतो, एवढ्यासाठी तरी घ्यावी. मात्र घंटी वाजते कुठे, यावर सगळं आहे.

दारावरच भोंगा असलेला स्वस्त प्रकारही मिळतो. तो घेऊ नका. दार उघडताक्षणी कानाशी कर्कश्श आवाज झाला की पेशंट दचकतं, उंबऱ्याला अडखळतं, नाहीतर घाबरून बाहेरच पळतं. वेगळी घंटी असली की दार गप्प राहतं आणि आवाज सांभाळणाऱ्याच्या उशाशी होतो. सूर निवडताना घरच्या बेलसारखा किंवा फोनसारखा नको. तो पेशंटच्या कानावर गेला तर कोण आलंय बघायला ते पुन्हा दाराकडेच जातं.

बसवायला सोपी आहे, पण घाईनं बसवू नये. सेन्सरचे दोन तुकडे असतात: सेल असलेला मोठा तुकडा चौकटीला, चुंबकाचा छोटा तुकडा फळीला, बिजागरीच्या विरुद्ध कडेला आणि वर, जिथं सहज हात जात नाही. दोन्हींवरच्या खुणा समोरासमोर याव्यात आणि दार लावल्यावर मधलं अंतर १ सेंटीमीटरच्या आत असावं. खरी फसगत पावसाळ्यात होते. बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीकडच्या पावसात लाकूड फुगतं, दार चौकटीत पुरतं बसत नाही आणि चुंबक लांब राहतो. मग सेन्सरला दार आधीच उघडं वाटतं. चुंबक दूर जाण्याचा तो क्षणच येत नाही, त्यामुळे माणूस बाहेर पडलं तरी घंटी मुकी. उगाच वाजणारी घंटी निदान कळते, ही कळतच नाही. म्हणून मृगाच्या आधी सुताराकडून दाराची कड रंधून घ्यावी. डबल टेपही ओलीत आणि ऑइल पेंटवर सुटते, तेव्हा अर्ध्या इंचाचे स्क्रूच मारावेत. लोखंडी ग्रिलला लावायचं असेल तर दोन्ही तुकड्यांखाली लाकडाची जाड पट्टी द्या, लोखंडाला थेट चिकटवलं की चुंबकाचा जोर कमी पडतो.

बॉक्सवर लिहिलेले शंभर मीटर मोकळ्या मैदानातले. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत दगडामातीच्या जाड भिंती, त्यातल्या दोन मध्ये आल्या की सिग्नल अडतो. स्क्रू मारण्याआधी सेन्सर हातात धरून, घंटी झोपायच्या खोलीत ठेवून बघा. करंट गेला की सॉकेटमधली घंटी बंद, म्हणून इन्व्हर्टरच्या पॉइंटलाच लावा. सेल उतरायला लागला की आधी लांबचं पोचत नाही, दाराजवळ उभं राहून तपासलं तर सगळं ठीक वाटतं. रोज दिवेलागणीला एकानं दार उघडायचं आणि दुसऱ्यानं खोलीतून ऐकायचं. सेलच्या झाकणाला स्क्रू असलेलंच मॉडेल घ्या. बटण-सेल पोटात गेला तर वाट न बघता लगेच दवाखाना.

घंटी वाजल्यावरचं काम मात्र माणसाचंच. “कुठं चाललीस?” म्हणून हात ओढला की झटापट ठरलेली. समोर आडवं न येता बाजूनं जावं: “आई, थांब की, मी पण येते, चप्पल घालू दे.” चार पावलं बरोबर चालून मग वळवलं की बहुतेक वेळा वळतात. आत आल्यावर पहिल्यांदा संडासला नेऊन बघा. पेशंट घरातच असून “घरी जायचंय” म्हणतं, त्यामागे लघवी, तहान, भूक नाहीतर कुठलं तरी दुखणं असू शकतं, आणि ते सांगता येत नाही. आपल्याकडचं आणखी एक: माहेर कन्नड असलेल्या बायका आजार वाढला की लहानपणच्या बोलीकडे वळू शकतात. अशा वेळी मराठीतल्या दहा विनवण्यांपेक्षा “ऊट आतेन्री?” (जेवण झालं का?) लवकर पोचतं. घरातल्या सुना-नातवंडांनी अशी पाच-सहा वाक्यं शिकून ठेवावीत.

संध्याकाळी उलघाल वाढते, म्हणून अंधारायच्या आधीच दिवे लावा. चप्पल, पिशवी, छत्री दारापाशी दिसली की बाहेर जायची आठवण होते, त्या आत ठेवा. दारावर भिंतीच्या रंगाचा पडदा सोडला तर पुष्कळदा दाराकडे लक्षच जात नाही.

उणं एकच: एका सेन्सरनं भागत नाही. परसदाराला दुसरा हवाच, आणि सूर वेगळा, म्हणजे अंधारात कुठल्या दाराकडे धावायचं ते कळतं. घंटी आहे म्हणून बाहेरून कुलूप लावून कुणी शेतावर जाऊ नये. आत गॅस असतो, जीव अडकतो.

नाव आणि घरच्यांचा फोन नंबर कापडावर लिहून सदऱ्याच्या किंवा पोलक्याच्या आत शिवा, कन्नड आणि मराठी दोन्हीत. गोकाक नाहीतर धारवाडच्या बसमध्ये बसलं तर कंडक्टर कन्नडच वाचणार. ताजा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. माणूस दिसेना झालं की आधी विहीर, तळं आणि रस्ता बघायचा, मग जुनं घर, नेहमीचं देऊळ. एकानं शोधायचं, दुसऱ्यानं त्याच वेळी ११२ ला फोन लावायचा. एरवी सल्ल्यासाठी ज्येष्ठांची १४५६७ ही हेल्पलाइन आहे.